सव्वीस नंबरचं कार्ड

"मावशी, हे कसलं कार्ड आहे?"

कंडक्टरने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि मग जयवंतीच्या तोंडाकडे पाहिलं. नवा होता. खिशावरच्या पट्टीवर सुजित असं नाव, बोलण्यात घाटावरची ढब. दांडीहून सुटलेली सकाळची पालघर गाडी बोईसरच्या रस्त्याला लागली होती आणि गाडीत ओळखीची निदान पंधरा तोंडं होती.

"सवलतीचं हाय," जयवंती हळू म्हणाली. "रामकिसन मास्तरांना माहीत हाय. ते बगतात नि तिकीट देतात."

"रामकिसन मास्तर रिटायर झाले. मला सांगा, सवलत कसली? ज्येष्ठ नागरिक?"

"नाय."

"अपंग?"

"नाय."

"मग काय, कॉलेजला जाता का?"

मागच्या बाकावर कुणी तरी खुसखुसलं. सुजितने ते चेष्टेत विचारलं होतं असंही नाही, त्याची यादी तिथेच संपत होती. शेजारी रूपाली बसली होती आणि रूपालीने आता खिडकीबाहेरची मान आत वळवली होती.

रूपाली म्हणजे गावच्या शाळेच्या समितीवरची बाई. तिची दोन्ही पोरं त्याच शाळेत, आणि त्या शाळेत दुपारची खिचडी शिजवायची ती जयवंती. पंधरा वर्षं शिजवत होती. पटावर एकशे बारा पोरं. जयवंती काकीच्या हातची आमटी घरच्या आमटीपेक्षा बरी, असं पोरं आयांच्या तोंडावर सांगायची आणि आया खोटं खोटं रागवायच्या. नवरा गेल्यावर त्या चुलीनेच तिला गावात उभं ठेवलं होतं.

नवरा दादू कंपनीचा टेम्पो चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. जाण्याआधी त्याच्या तपासण्या झाल्या, मग तिच्या झाल्या, आणि दोघांच्याही कागदावर एचआयव्ही निघालं. तेव्हापासून जयवंती रोज एक गोळी घेत होती आणि महिन्यातून एकदा पालघरच्या दवाखान्यात जाऊन पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणत होती. गावात सांगायची, बीपी हाय. वाणगावला दिलेल्या लेकीलाही तिने बीपीच सांगितलं होतं. गोळ्यांची बाटली वाजते म्हणून गोळ्या चिंधीत गुंडाळून तिखटाच्या डब्यामागे ठेवायची. तब्येत ठणठणीत होती. दवाखान्यातल्या समुपदेशक वर्षाराणी दीदींनी शंभरदा सांगितलं होतं, जेवणातून, हातातून, ताटातून हे कुणाला लागत नाही. जयवंतीला ते पटलं होतं. पण गावाला कोण पटवणार? एका आईने जरी पोराचं ताट मागे ओढलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी चूल थंड पडली असती.

कार्डही दीदींनीच काढून दिलं होतं. अशा आजाराच्या माणसांना दवाखान्यात यायला गाडी फुकट होती. कार्डावर फोटो होता, नाव होतं आणि खाली कोपऱ्यात बारीक आकडा होता, २६. आजाराचं नाव कुठेही नव्हतं. 'कंडक्टरला आकड्यावरून कळेल, बाकीच्यांना कळायचं कारणच नाही,' दीदी म्हणाल्या होत्या. आणि तसंच चाललं होतं. रामकिसन मास्तर कार्ड मशीनला टेकवायचे, तिकीट दुमडून हातात द्यायचे आणि "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत निघून जायचे. त्या माणसाने कधी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. अशी माणसं रिटायर होऊ नयेत.

"मावशी, मशीन शून्य भाडं दाखवतंय," सुजित म्हणाला. "शून्य कशाबद्दल, ते तर कळायला हवं ना?"

"मग साधं तिकीट फाड ना, बाबा. पैसे देते मी."

"आता कसं फाडू? शून्याचं छापून झालंय, माझ्या नावावर चढलंय." त्याने आवाज खाली आणला. "मागच्या आठवड्यात बनावट कार्डं सापडलीत. ज्याच्या गाडीत सापडली तो घरी बसलाय. माझी नोकरी चार महिन्यांची आहे, मावशी. तुम्ही सांगा तरी, कसली सवलत?"

म्हणजे तोही घाबरलेला होता. ते जयवंतीला कळलं आणि तिची भीती दुप्पट झाली. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. घाबरलेला माणूस काय करील, सांगता येत नाही.

"काकी, सांगा ना त्याला," रूपाली म्हणाली. "बीपीचं हाय ना ते? बीपीचं पण देतात काय कार्ड? मग आमच्या आईला पण काढते."

जयवंतीने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"थांबा, डेपोत विचारतो," सुजितने फोन काढला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना, तसं त्याने फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन तोंडासमोर आडवा धरला. "साहेब, सव्वीस नंबर कसला हो? कार्डावर सव्वीस आहे."

"सव्वीस?" पलीकडचा कारकून सगळ्या गाडीला ऐकू आला. "थांब. पत्रक आहे इथे कुठे तरी. तुम्ही लोक पत्रकं वाचत नाही आणि आमचा चहा गार करता. हां, हे बघ. यादीच आहे."

गाडीतली बोलणी थांबली. कोलंबीची टोपली घेऊन बसलेली बाईसुद्धा कान टवकारून बसली. लोकांचं काही वाईट व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. फुकट ऐकायला मिळतंय, तर कोण सोडतो?

"अकरा, ज्येष्ठ नागरिक. चौदा, विद्यार्थिनी," कारकून बोट फिरवत वाचत असावा. "एकवीस, अंध. बावीस, मूकबधिर…"

थांबवा म्हणावं, तर कशाला थांबवा म्हणून विचारतील. गाडीतून उडी मारावी, तर दार बंद. जयवंतीच्या डोळ्यांपुढे शाळेचा ओटा आला आणि ओट्यावर ओळीने रिकामी ताटं आली. नऊ वर्षांत तिला मरणाची भीतीही इतकी कधी वाटली नव्हती.

"तेवीस, मूत्रपिंड, डायलिसिसवाले. चोवीस, कर्करोग. पंचवीस, सिकलसेल. आणि सव्वीस…"

"खोटं हाय!"

आवाज आपलाच आहे हे जयवंतीला ओरडून झाल्यावर कळलं. ती उभी राहिली होती. "कार्ड खोटं हाय! एजंटाकडून बनवून घेतलं मी. बंद कर तो फोन. खोटं हाय, सांगते ना!"

सुजितचा अंगठा आपोआप फोनवर पडला. पलीकडचा आवाज तुटला.

मग रूपालीने आपली पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. जयवंतीला ते दिसलं. आयुष्यात तिने कुणाची लिंबाची फोडही न विचारता उचलली नव्हती.

कुणी डोकं चालवलं असतं, तर यादीतले शेवटचे सगळे आजारच होते हे ध्यानात यायला वेळ लागला नसता. पण चोर सापडला की लोक डोकं चालवत नाहीत. "खिचडीवाली ना ही शाळेतली?" मागून एकीने विचारलं. "तेच म्हटलं, एवढं फुकट कसं फिरते." कोलंबीवाली तेवढी म्हणाली, "सोडा हो, गरीब बाई हाय." ते तर जास्तच लागलं.

"पोलिसात देत नाही, तुमच्याकडे बघून," सुजित म्हणाला. त्याने कार्ड पैशाच्या पिशवीत घातलं. "कार्ड जमा करावं लागेल. बोईसरला उतरा."

बोईसर स्टेशनजवळ ती उतरली. गाडी पुढे निघाली, आणि खिडकीतून रूपालीने तिच्याकडे पाहिलं नाही. जयवंती धुरात उभी राहिली. एका अंगाने तिला हायसं वाटत होतं आणि दुसऱ्या अंगाने धास्ती, कारण कार्ड गाडीतून गेलं होतं आणि कार्डावर तिचा फोटो होता. त्या कारकुनाने दुपारी निवांत चहा पिता पिता पुन्हा यादी उघडली तर?

दुसऱ्या गाडीने ती पालघरला पोचली. वर्षाराणी दीदींनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सारून उठल्या.

"जयवंतीबाई, कार्ड खरं आहे तुमचं! त्यांना त्यांची यादी वाचता येत नाही आणि चोर तुम्ही? आत्ताच्या आत्ता पत्र देते. तो कंडक्टर येऊन माफी मागेल तुमची."

जयवंतीने टेबलावरून हात पुढे करून दीदींचं मनगट धरलं. पेन खाली पडलं.

"नको, दीदी. तो माफी मागायला येईल, चार लोकांसमोर येईल. मग लोक विचारतील, कार्ड खरं होतं तर कसलं होतं?"

दीदींनी वाकून पेन उचललं.

"मग चोरच म्हणू देणार त्यांना?"

"म्हणू दे. चोराच्या हातचं खातात लोक. ह्याचं नाय खात."

गोळ्या घेऊन ती परतली. तिच्याआधी गोष्ट गावात पोचली होती, आणि पोचता पोचता चांगली जाडजूड झाली होती. एका कार्डाची चार कार्डं झाली, एजंटाला नाव मिळालं. पुढचे तीन दिवस जयवंती शाळेत गेली, शिजवून आली, कुणी काही बोललं नाही. तेच भयंकर होतं. शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली की तिच्या हातातला डाव थांबायचा. डेपोचा माणूस आला, आता कार्ड मुख्याध्यापक बाईंसमोर ठेवील, आता यादी वाचील. एकदा तर टपालवाल्याला पाहून तिने उकळत्या पाण्यात मीठ दोनदा घातलं आणि पाणी घालून अख्खी डाळ वाढवत बसावं लागलं.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापक बाईंनी तिला बोलावलं. बाई टेबलावरची पट्टी उगाच सरळ करत होत्या.

"काढत नाही तुम्हाला. पंधरा वर्षं मी तुमच्याबद्दल एक शब्द ऐकलेला नाही. पण समितीत बोलणं झालंय. कोठीची किल्ली आता रूपालीकडे राहील. तांदूळ, डाळ ती मोजून देईल. तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

जयवंतीला पुष्कळ म्हणायचं होतं.

"नाय, बाई," ती म्हणाली आणि कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

त्या दिवशी अंड्यांचा वार होता. रूपालीने एकशे बारा अंडी ट्रेमधून काढून मोजून दिली. "वाईट वाटून घेऊ नका, काकी, समितीनं ठरवलंय," असं तिने दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा खाली बघून म्हटलं. जयवंतीने अंडी उकडली, भात केला, आमटीला फोडणी दिली.

जेवण पोरांना वाढण्याआधी एका पालकाने ते चाखायचं आणि वहीत सही करायची, असा शाळेचा नियम. आज पाळी रूपालीची होती. जयवंतीने वाटीत आमटी-भात घातला, चमचा ठेवला आणि वाटी पुढे केली. रूपालीने वाटी घेतली. चमचा तोंडाशी नेला आणि थांबली.

जयवंती चमच्याकडे बघत राहिली. कळलं. हिला कळलं. डेपोतून फोन आला असणार.

"कढत हाय गो," रूपाली म्हणाली. फुंकर मारली आणि चमचा तोंडात घातला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. तिचा धाकटा पायाशी घुटमळत होता, त्याच चमच्याने त्यालाही एक घास भरवला. वाटी निपटून पुसून खाली ठेवली, वहीत 'चव उत्तम' असं लिहिलं आणि सही केली.

जयवंती भिंतीला टेकली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने चुलीच्या धुरावर ढकललं, पण शाळेत गॅस येऊन चार वर्षं झाली होती.

"काकी, जरा बाजूला सरा," रूपाली म्हणाली. "उकडलेली अंडी परत मोजायचीत."

पोरं ओळीने बसून ताटं वाजवत होती. जयवंती बाजूला सरली, दोन्ही हात पदराला पुसले आणि सगळ्यांना दिसतील असे पुढे धरून उभी राहिली.

"मोज," ती म्हणाली. "सावकाश मोज."