आग्नेलच्या हातचं पाणी

परभणीजवळच्या झरीचे माणिकराव आणि चतुराबाई गोव्याला निघाले, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं की उतारवयात यांना समुद्राचं खूळ लागलं. खरं तर समुद्राशी दोघांचंही काही घेणं-देणं नव्हतं. त्यांची लेक भक्ती गोव्यात एका औषधांच्या कंपनीत नोकरीला होती आणि "एकदा येऊन जा" म्हणून तिनं फोनवर लकडा लावला होता. लकड्यामागचं कारण मात्र तिनं पोटातच ठेवलं होतं.

कारण आग्नेल होता. त्याच कंपनीत, तिच्याच प्रयोगशाळेत कामाला. शांत, कामसू, हसला की डोळे मिटणारा. भक्तीला त्याच्याशी लग्न करायचं होतं आणि आग्नेल ख्रिश्चन होता. झरीत आजवर कुणाची सोयरीक जातीबाहेर गेली नव्हती, मग धर्माबाहेरची गोष्टच सोडा. जिंतूरकडच्या नात्यातल्या एका पोरीनं तसं लग्न केलं, तर तिच्या बापानं तिचं नाव तोंडातून कायमचं काढून टाकलं. भक्तीला तसं लग्न नको होतं. "बाबा नाही म्हणाले तर विषय संपला," असं तिनं आग्नेलला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून त्या बिचाऱ्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

तिनं बेत आखला तो असा. ज्या माणसानं आयुष्यात चर्चचा उंबरा ओलांडला नाही, त्याच्या मनात नाही नाही ते येणारच. तेव्हा आधी जुन्या गोव्यातली पोर्तुगीजांच्या काळातली चर्चं दाखवायची. थंड, उंच, शांत जागा बघून बाबांचं मन निवलं की दुपारी जेवण झाल्यावर विषय काढायचा. आग्नेल बरोबर असणार, पण "कंपनीतला मित्र, इथलाच आहे, सगळं नीट दाखवेल," एवढ्याच ओळखीवर. बेत तसा चांगला होता. फक्त तो मे महिन्यात आखला होता. परभणीचं ऊन भाजतं, गोव्याचं ऊन शिजवतं, हे माणिकरावांनी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं.

पहिलं बॉम जेझूसचं मोठं चर्च. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंती, वर गोल खिडक्या. आग्नेल सांगायला लागला, "काका, आधी याला चुन्याचा गिलावा होता. मागं कधीतरी काढून टाकला."

"काढला कशाला?" माणिकरावांनी भिंतीवर तळवा ठेवला. "पावसानं दगड झिजंल की."

"आमच्याकडे पण सगळे हेच म्हणतात."

यावर माणिकरावांनी त्याच्याकडे जरा नीट बघितलं. मग दाराशी आले आणि वाकून चपला काढायला लागले. प्रवासासाठी परभणीतून मुद्दाम घेतलेल्या, करकरीत.

"काका, इथं चपला काढायची गरज नाही. सगळे तसेच जातात."

"जाऊ द्या. देवाच्या दारात पायताण घालून आमाला न्हाई जमायचं."

चतुराबाईंनीही काढल्या. पण नव्या चपला परक्या गावात सोडून जायचं दोघांच्याही जिवावर आलं. आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं एक पायताण नव्हतं, त्यामुळं या दोन जोडांकडे जो तो बघत होता. आग्नेल म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मी थांबतो इथं. मी लहानपणापासून बघतोय हे."

आत सोन्याच्या मुलाम्यानं मढवलेली भली मोठी वेदी बघून चतुराबाईंचा पदर आपोआप डोक्यावर गेला. एका बाजूला उंचावर चांदीची पेटी होती, तिच्यात संत झेवियर यांचा देह ठेवलेला. "समाधीच म्हण की," चतुराबाई पुटपुटल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. माणिकराव छताकडे बघत होते. भक्ती छताकडे बघणाऱ्या बाबांकडे बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि बाबांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही हे तिला पाठ होतं.

बाहेर जायची वाट बाजूच्या दारानं होती. तिथून वळसा घालून ते पुढं आले, तर आग्नेलनं चपला भिंतीच्या सावलीला नीट लावून ठेवल्या होत्या आणि सावली तेवढीच असल्यामुळं स्वतः उन्हात उभा होता. सदरा पाठीला चिकटला होता. माणिकरावांनी सावकाश चपला पायात घातल्या.

आग्नेलनं गाडीतून स्टीलचा थर्मास आणला. "काका, आईनं कोकमाचं सरबत दिलंय. थंड आहे."

माणिकरावांनी दोन्ही हात जोडले. "नगं, आग्नेलराव."

"थोडं तरी?"

"नगं म्हणलं ना. तुमी घ्या." आणि ते रस्ता ओलांडून एका टपरीवर गेले, स्वतःच्या पैशानं पाण्याची बाटली घेतली आणि तिथंच उभं राहून निम्मी संपवली.

तहान नव्हती असं म्हणायची सोयच बाबांनी ठेवली नव्हती. आणि आत्तापर्यंत नुसता "आग्नेल" होता, तो अचानक "आग्नेलराव" झाला. बाबा ज्याच्यापासून चार हात लांब राहायचं ठरवतात त्याच्याशी फार अदबीनं बोलतात, हे तिनं बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांशी बोलताना बघितलं होतं.

रस्त्याच्या पलीकडं से कॅथेड्रल. आकारानं एवढं मोठं की झरीची निम्मी वस्ती आत बसावी. आत एका बाजूला लाकडी जाळीचं कपाट होतं. चतुराबाईंनी ते काय म्हणून विचारलं. आग्नेलनं सांगितलं की आत पाद्री बसतात, बाहेर आपण गुडघे टेकायचे, आणि जाळीतून आपल्या हातून काय चुकलं ते सांगायचं.

"आन ते गावभर करत न्हाईत?" चतुराबाईंनी विचारलं.

"नाही. कुणालाच सांगायचं नाही, असा नियम आहे."

"आमच्याकडं पायजे व्हतं असं," माणिकराव म्हणाले. "झरीत तर मारुतीच्या पारापर्यंत रांग लागली असती."

आग्नेल मनापासून हसला. भक्तीला हसू आलं नाही. आपणही त्या जाळीशी गुडघे टेकावेत आणि पलीकडं बाबांना बसवावं, असं तिला वाटत होतं. तोंड न बघता सांगता आलं असतं.

माणिकरावांच्या चौकशा मात्र थांबत नव्हत्या. तुमच्यात लग्नं इथंच लागतात का? बाहेरच्या माणसाला आत यायला कुणी अडवत नाही ना? घरी कोण कोण असतं? वडील काय करतात? वडील थोडी भातशेती करतात म्हटल्यावर, "शेतकरी हाय म्हणा की," एवढं बोलून पुढं चालू लागले. भक्तीचं अर्धं लक्ष या बोलण्याकडं आणि अर्धं आग्नेलच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडं. त्यानं ती चतुराबाईंपुढं धरली होती. आईचे ओठ सुकलेले दिसत होते. पण तो जवळ आला तशी आईनं पदर पुढं ओढला आणि मान हलवली. "तहान न्हाई." दोन पावलं गेल्यावर तिनं बाबांच्या बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं.

म्हणजे दोघांचं ठरलं होतं.

तिसरं सेंट कॅजेटनचं, घुमटाचं. घुमटाच्या बरोबर खाली विहीर आहे, झाकलेली, असं आग्नेलनं दाखवलं. चर्चच्या पोटात विहीर ऐकून माणिकराव फार वेळ तिथून हलेनात. पाणी किती खोल, उन्हाळ्यात टिकतं का, सगळं विचारून झालं. पाण्याबद्दल इतकी आस्था असलेल्या माणसानं आग्नेलच्या हातचा घोटभरही घेऊ नये, याचं भक्तीला आता रडू यायला लागलं होतं.

बाहेर बागेत झाडाखाली ते जेवायला बसले. आग्नेलनं डबा उघडला. त्याच्या आईनं पहाटे उठून, मासळीची भांडी बाजूला सारून, या दोघांसाठी वेगळी भाजी, चपात्या आणि खीर केली होती. माणिकरावांनी डब्याला हात जोडले.

"आईसायबांना म्हणावं, लय तकलीफ घेतली. पर आमाला न्हाई चालायचं."

मग त्यांनी पिशवीतून फडकं काढलं. झरीहून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पहिली दशमी त्यांनी आग्नेलच्या हातावर ठेवली, वर चटणी दिली, "घ्या, लाजू नका," म्हणून दुसरीही दिली. आग्नेलनं चवीनं खाल्ली. भक्तीचा घास तोंडात फिरायला लागला. द्यायचं, पण घ्यायचं नाही. गावातल्या जुन्या घरांची ही रीत ती ओळखून होती. कुणाच्या ताटात वरून वाढायचं आणि कुणाच्या घरचं शिवायचंही नाही, हे सगळं ठरलेलं. आपले बाबा त्यातले नाहीत, याचा तिला केवढा अभिमान होता.

आग्नेल हात धुवायला गेला. तो दिसेनासा झाला तशी ती फुटली.

"बाबा, तुमी बौद्धवाड्यातल्या धम्मपालकाकांच्या घरी ताटाला ताट लावून जेवता. गावानं नावं ठेवली तरी जेवलात. आन या पोराच्या आईनं पहाटे उठून केलेलं तुमाला चालत न्हाई? पाणीसुद्धा? तो ख्रिश्चन हाय म्हणूनच ना? मग ऐका. मला त्याच्याशी लग्न करायचंय. तुमी न्हाई म्हणलात तर मी करणार न्हाई. पर मला तुमच्याकडून हे बघायचं नव्हतं."

बोलून झालं आणि तिला धापच लागली. सगळा बेत धुळीला मिळाला होता. माणिकरावांनी चटणीचा शेवटचा कण दशमीनं पुसून घेतला. मग बायकोकडं वळले.

"हिला म्हाईत न्हाई का गं?"

"कुणी सांगितलं तर म्हाईत व्हणार," चतुराबाई म्हणाल्या. "थोरली भैन असती तर बघितलं असतं."

"काय म्हाईत न्हाई?" भक्तीनं विचारलं.

"अगं, लेकीला लेकरू व्हईस्तोर आईबापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं," माणिकराव म्हणाले. "जुनी रीत हाय आपल्यात. तुझी आत्या पोखर्णीला दिली तवा तुझा आजा तितं जाताना पाण्याचा तांब्या घरून न्यायचा. लोकं हसायची. तिचा माऊली जन्माला आला तवा कुठं तिच्या हातचा चहा पेला."

भक्तीच्या कानात गेलेलं डोक्यात शिरायला वेळ लागत होता.

"पर अजून लग्न कुठं झालंय? मी तर तुमाला इचारलंबी न्हाई."

"मग सकाळपासून काय करायलीस? तीन देवळं हिंडवलीस उन्हातान्हात."

"दोन साल झालं, रोज फोनवर आग्नेल असं म्हणला आन आग्नेल तसं म्हणला," चतुराबाई म्हणाल्या. "त्या कंपनीत दुसरं माणूसच न्हाई का? मी दिवाळीतच यांच्या कानावर घातलं."

"मला लय राग आला व्हता," माणिकराव सरळ म्हणाले. "लपवायचं काय त्यात. जेवण गोड लागंना. धम्मपालपाशी बोललो तर तो म्हणला, माणूस बघितल्याबिगर न्हाई कसं म्हणतूस? म्हणून आलो बघायला. सकाळी त्यानं आमच्या चपला सावलीला ठिवल्या आन आपण उन्हात उभा राह्यला. तवाच मनातून लेक दिली. दिली म्हणल्यावर ते तुझं घर झालं. त्यानंतर सरबत कसं घ्यावं, तूच सांग." जरा थांबून त्यांनी विचारलं, "देव बदलावा लागंल का तुला?"

"न्हाई. त्याचा देव त्याला, माझा मला. त्याच्या आईबाबांशी बोलणं झालंय."

"मग हरकत न्हाई. पोखर्णीच्या नरसिंहाला एकदा जोडीनं यायचं, बस. गावाचं मी बघतो."

भक्तीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडून घेतलं. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून नेलं होतं. इतकं हलकं वाटत होतं की आता उठून उभं राहिलं तर तोल जाईल, अशी तिला भीती वाटली. चतुराबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

आग्नेल पाण्याची बाटली भरून परत आला आणि हे दृश्य बघून जागच्या जागी थांबला. त्याचा रंगच उडाला.

"काय झालं? भाजीत काही चुकलं का? आईला मी सांगितलं होतं..."

भक्तीनं डोळे पुसले. "बाबा तुझ्या घरचं काही खाणार नाहीत. पाणीसुद्धा पिणार नाहीत."

आग्नेलनं मान खाली घातली. "कधीच?"

"आपल्याला मूल होईपर्यंत."

त्यानं आधी भक्तीकडं बघितलं, मग माणिकरावांकडं, मग चर्चच्या घुमटाकडं. मग तिथंच गवतावर बसला. माणिकराव फडकं झटकून नीट घडी घालत होते.

"आग्नेलराव," ते म्हणाले, "आमचं वय झालं आता. आन तुमच्या गोव्याचं ऊन हे असं. आमाला लय दिस तहानलेलं ठिवू नका."

आग्नेलचे कान लालबुंद झाले. त्यानं हातातली बाटली उघडली आणि सगळं पाणी गटागटा स्वतःच पिऊन टाकलं.