दम पुरेल एवढी नोटीस

"हाऊ कागद कोन लिखेल शे?"

बेबाबाईनं तहसील कचेरीच्या फलकावरची नोटीस उचकटून कारकून तोतारामच्या टेबलावर आपटली. मागे तिच्या गावच्या सात-आठ बाया. तोताराम चष्मा पुसू लागला. कोणी अंगावर आलं की त्याला एवढंच सुचे.

"कोपरामा सही तुमनी शे, आसं शिपाई सांगस."

सही त्याचीच होती. जुनी रेशनकार्डं बदलायची मुदत काल संपली होती. आज दुकानदारानं बायांना रॉकेल न देता हाकललं होतं. त्यांच्या गावातून एकही कार्ड बदलायला आलं नव्हतं.

"दवंडी झालीय की!" अव्वल कारकून गिरधरभाऊसाहेब खुर्चीतून गरजले. "कुठंय तो कोतवाल?"

झुलाल दाराशीच होता, काखेत डफ. "मारी की दवंडी. जितला दम व्हता तितलं वाचं. तुमना कागदमा थांबाले जागाच नही. दम सरना, डफ वाजाडा, पुढला चौकमा गऊ."

"आणि तारीख?"

"तारीख कठे व्हती?"

तारीख दहाव्या ओळीत होती. तोतारामला ते पाठ होतं. महिन्यापूर्वी त्यानं चारच ओळी लिहून नेल्या होत्या: जुनं कार्ड तीस तारखेनंतर चालणार नाही. त्याआधी कचेरीत या. जुनं कार्ड आणा. दुसरं काही लागत नाही. भाऊसाहेबांनी त्यावर लाल पेन्सिल फिरवली होती. "ही सरकारची नोटीस आहे, तोताराम, सासरवाडीची चिठ्ठी नव्हे." मग बारा ओळींचं परिपत्रक त्यानं मुकाट उतरवून काढलं होतं.

"लिही," भाऊसाहेब म्हणाले. "कोतवालानं दवंडीत कसूर केली, सबब कामावरून कमी करावं. खाली सही कर."

"लिखा आबा," झुलाल म्हणाला. "तुमले तेच येस."

तोताराम बराच वेळ लिहीत होता. निघाल्या तीन ओळी. 'नोटीस मी लिहिली. ती ऐकून कोणालाच कळली नसती. कोतवालाची चूक नाही, मुदत आठ दिवस वाढवावी.'

भाऊसाहेबांनी वाचलं. "हे धुळ्याला कलेक्टरसाहेबांकडे जाणार. मरशील."

"जाऊ द्या."

लाल पेन्सिल खिशाबाहेर आली, क्षणभर घुटमळली आणि परत खिशात गेली. परिपत्रक कोणी उतरवायला लावलं, ते त्या तीन ओळींत कुठंच नव्हतं.

मुदत वाढली. तोतारामला ठपक्याचा कागद मिळाला आणि त्याचं टेबल मागच्या अभिलेख खोलीत गेलं. बेबाबाई कार्ड बदलून त्या खोलीवरून गेली, पण तिनं आत पाहिलं नाही.

त्याआधी, मुदतवाढीची नोटीस निघाली त्या दिवशी, झुलाल मात्र आत आला होता. भाऊसाहेबांचा नवा कागद त्यानं पुढे टाकला. तोही बारा ओळींचा.

"कमी करा."

तोतारामनं पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. झुलालनं त्या उभ्यानंच, दवंडीच्या आवाजात वाचल्या. रॅकवरची धूळ हलली, पण चौथी ओळ संपली तरी त्याला धाप लागली नव्हती.

"दम उरना," तो म्हणाला. आभार नाही, रामराम नाही. डफावर एक थाप मारून तो कागद घेऊन निघाला.

सवयीनं तोतारामनं कोपऱ्यातल्या सहीसाठी पेन टेकवलं. खाली नुसतं टेबल होतं.