गप्प बाईच्या हाती खडू

मयुरा मॅडम धरमपेठेहून स्कुटीवर यायच्या आणि दुपारी समाजभवनात आम्हा म्हाताऱ्यांना लिहायला शिकवायच्या. एके दिवशी म्हणाल्या, आता चौघाचौघांचे गट करू. एक पुढारी, एक बोलणारा, एक फळ्यावर लिहिणारा, एक वेळ बघणारा. कोणी काय करायचं ते ज्याच्या त्याच्या स्वभावावरून ठरेल.

स्वभाव ओळखायला वीस प्रश्न होते. त्या वाचणार, आम्ही होय किंवा नाहीवर फुली मारायची.

माझ्या गटात इंदुताई, बाबाराव आणि कवडू. चौघेही विणकर. गल्लीत सुताचा ताणा पसरला की तुटलेला धागा ज्याला दिसेल तो जोडतो. प्रश्नही आम्ही तसेच सोडवले, एकमेकांच्या कागदावर.

"चारचौघांत बोलायला आवडतं का?" मॅडमनी विचारलं. मी विचारच करत होते, तोवर इंदुताईने माझ्या कागदावर नाहीची फुली मारली.

"काहून वं?"

"तीस वर्षं तुह्या बाजूले माग चालवला. तुह्यापेक्षा तुह्या मागाचा धोटा जास्त बोलला."

निकाल आला. बाबाराव पुढारी, कवडू बोलणार, इंदुताई लिहिणार. चंद्रकलाबाई, म्हणजे मी, शांत स्वभावाची, म्हणून मी वेळ बघायची.

मला फळ्यावर लिहायचं होतं. वहीतलं माझं मीच बघते. फळ्यावरचं सगळे बघतात. सदुसष्ट वर्षांत माझं अक्षर चारचौघांनी पाहिलं नव्हतं, आणि गल्लीतल्या बंद दिव्याचा अर्ज गुरुवारी फळ्यावर लिहायचा होता.

गुरुवारी मी लवकर गेले. "मॅडम, मले पुन्हा विचारा. एकटीले."

त्यांनी व्हरांड्यात बसवून वीसही प्रश्न विचारले. खोटं सांगायचं मनात आलं होतं. सांगितलं नाही.

त्यांनी कागद दोनदा तपासला. "आजी, तेच आलं. तुम्ही खरंच शांत आहात."

मी मान हलवली. पायरीवर चपला काढत इंदुताई सगळं ऐकत होती.

"गप्प आहे म्हणून घड्याळ देऊन राहिल्या का मॅडम तिले? टाइम संपला हे तं ओरडून सांगा लागते. लिहायले कुठं तोंड लागते?"

मॅडमनी कागदाची घडी केली. मग हसल्या. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"घड्याळ मले द्या. अन् मले लिहाचं बी नाही, फळ्यापुढं हात कापते माहा."

हे तिने मला तीस वर्षांत सांगितलं नव्हतं, इतकं बोलूनही.

कवडू एकेक शब्द सांगत गेला, मी लिहीत गेले. पहिली ओळ उतरत उतरत फळ्याच्या कडेला गेली. बाबाराव म्हणाले, "वर घे गा थोडं," आणि जीभ चावली, पुरुषाला म्हणायचं 'गा' बाईला म्हटलं म्हणून. दुसरी ओळ बरी आली. तिसरी अर्ध्यावर होती तेव्हा इंदुताई ओरडली, "टाइम संपला."

मी खडू खाली ठेवला नाही. उरलेले चार शब्द लिहिले, खाली गल्लीचं नाव घातलं आणि मगच वळले.