गात निघायचं होतं

सुशीलाबाई पहाटे गेल्या आणि अकरा वाजेपर्यंत बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत सगळी मंडळी जमली. मंडळी म्हणजे तीसेक माणसं. त्यांना चर्चची इमारत नव्हती. बुधवारी आणि रविवारी इथंच, सुशीलाबाईंच्या हॉलमध्ये सतरंजीवर उपासना व्हायची.

त्यांची सून नम्रता अडीच वर्षांच्या ऋतिकाला कडेवर घेऊन उभी होती. एकच गोष्ट जिवाला कुरतडत होती. परवाच सासूबाईंनी तिचा हात धरून म्हटलं होतं, "नमू, मला घरातून गात बाहेर काढा गं. मुक्यानं नको." आणि ती "हो आई" म्हणून बसली होती.

गाणं तर या घरात वर्षभर बंद होतं. गेल्या नाताळाआधी बाहेरची पोरं जिन्यानं वर घुसली होती. 'बाटवाबाटवी चालते इथं' म्हणत त्यांनी तबला फोडला, गीतांची पुस्तकं फाडली. नम्रताच्या नवऱ्याचा, आमोदचा, एक कान त्या दिवशीच्या मारहाणीत कायमचा गेला. तक्रार करायची की नाही यावर मंडळी आपसांत चिक्कार भांडली. शेवटी ठरलं, तक्रार नको. सगळ्यांशी शांतीनं राहायचं. सोसायटीला लिहून दिलं, या घरात मोठ्यानं गाणार नाही. पहिली सही सुशीलाबाईंचीच. तेव्हापासून गीतं कुजबुजत म्हणायची. ऋतिकाचा आवाज जरा चढला की 'हळू' म्हणत तिच्याही तोंडावर हात यायचा.

"पाळकसाहेब, आज एकच गीत मोठ्यानं म्हणू या ना," नम्रता म्हणाली.

मंडळीच्या धर्मगुरूंनी, सुदर्शन पाळकांनी, नकारार्थी मान हलवली. "शब्द दिलाय, बाई. सोयीचा असेल तोवरच पाळायचा का?"

"आणि मी आईंना दिला तो?"

पाळक शवपेटीकडे वळले.

ती तशीच वरच्या मजल्यावर गेली. सोसायटीचे चेअरमन रावसाहेब दारातच भेटले.

"काका, त्यांना गात न्यायचंय. जिन्यापासून गेटपर्यंत, तेवढंच."

"माझी कसली हरकत? तुमचं गाणं बंद झाल्यापासून माझी झोप काही सुधारलेली नाही." त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. गेटपाशी तीच चौघं पोरं मोबाइल वर धरून उभी होती. "पण यांना मी तेव्हा आवरू शकलो नाही, सूनबाई. आजही नाही आवरणार. लेकरू आहे तुमच्या कडेवर."

शवपेटी खाली गेली. तीस माणसांचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होत्या त्या फक्त जिन्यावरच्या चपला. गेटपाशी नम्रतानं तोंड उघडलं, मोबाइलांकडे पाहिलं, लेकीला घट्ट धरलं आणि तोंड मिटलं.

कबरस्तानात अडवणारं कुणी नव्हतं. "इथं म्हणा, मोकळेपणानं," म्हणत पाळकांनी सुरुवात केली. निघाली ती कुजबुज. दोघं-तिघं खाकरले, पुन्हा पहिल्या ओळीवर आले, पुन्हा तेच. वर्षभरात घशांना दुसरं काही येईनासंच झालं होतं.

पहिली माती पडली तसं नम्रताला राहवलं नाही. तिनं डोळे मिटून जीव खाऊन सूर लावला. फाटका होता, पण मोठा होता. भिंतीपलीकडच्या रस्त्यावर जाईल इतका.

ऋतिका दचकली. आईचा असा आवाज तिला आठवतच नव्हता. रडवेली होऊन तिनं इवलासा तळवा नम्रताच्या तोंडावर दाबला.

"आई, हलू. ते येतील."

त्या हाताखाली उरलेलं कडवं नम्रतानं कुजबुजतच पुरं केलं.