वर्नेलचा वाकडा क्रूस

"अगं वर्नेल, देवासाठीची चूक तूच करून टाकलीस होय?" ओपलनं चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, आणि चर्चच्या तळघरात गोधडीच्या चौकटीभोवती बसलेल्या सगळ्या बाया हसल्या.

अलाबामातल्या त्या गावात गोधडीचा एक तुकडा मुद्दाम चुकवून शिवतात. बिनचूक काम देवाचं, आपण त्याची बरोबरी करू नये म्हणून. ईस्टरच्या या गोधडीत अकरा तुकड्यांवर सरळसोट क्रूस होते. बारावा, वर्नेलचा, वाकडा होता. एक हात लोंबलेला, दुसरा मुडपलेला, पाय तिरका.

"चूक नाहीये ती," वर्नेल म्हणाली. "तो असाच असतो."

हा क्रूस म्हणजे लॅमिनिन, शरीरातल्या पेशींना धरून ठेवणारं, क्रुसाच्या आकाराचं प्रथिन. मागं एका रविवारी तरुण पाळक ब्रदर हॉलिसनं त्याचं पुस्तकातलं चित्र पडद्यावर दाखवलं होतं. "बघा, देवानं प्रत्येकाच्या आत सही केलीय." सगळ्यांचे डोळे पाणावले. वर्नेलची लेक डार्ला मात्र उठून बाहेर गेली. तिचा कोल्बी सातव्या वर्षी गेला तो याच प्रथिनापायी. त्याच्या स्नायूंत ते धड बनतच नव्हतं. गाडीत ती एवढंच म्हणाली, "माझ्या लेकराच्या वेळी सही करायला विसरला वाटतं." त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही.

वर्नेलनं एकतीस वर्षं विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर असल्याच रेणूंचे फोटो काढले होते. चित्रातल्यासारखा सरळ क्रूस तिला काही दिसला नाही. दिसले ते वाकलेले, लुळे, एकासारखा दुसरा नाही. आणि खरं सांगायचं तर तिला ते फार देखणे वाटत. त्यांच्याकडे बघता बघता तिनं कितीदा तरी मनातल्या मनात प्रार्थना केली होती.

ब्रदर हॉलिस जिना उतरून आला. तुकडा पाहून त्यानं मान खाजवली. "मिस वर्नेल, लोक विचारतील हो. जरा सरळ करा ना."

"रविवारच्या शाळेत तुझं नाक मी पुसलंय, म्हणून स्पष्ट बोलते. क्रुसावर लटकलेल्या माणसाचे हात सरळ राहतात का रे?"

त्यानं पुन्हा तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, राहू द्या. देवासाठीची चूक म्हणून सांगू."

"चूक म्हणायचं नाही." वर्नेलनं सुई खाली ठेवली. "कोल्बीचे डॉक्टरही चूकच म्हणायचे. जनुकातल्या एका अक्षराची चूक. डार्लानं सात वर्षं तो शब्द ऐकला, इथं ऐकायचा नाही. बाकीच्यांसारखा लावायचा तर लावा, नाहीतर मी चौकट घरी नेते. माझीच आहे ती."

"मग देवासाठी चूक कुठली ठेवायची?" ओपलनं विचारलं.

"ते अकरा आहेत की."

आधी ओपलच हसली. हॉलिस वर गेला आणि खिळे-हातोडी घेऊन आला, भिंतीवर जागा करायला.

ईस्टरच्या आदल्या दुपारी डार्ला आईला न्यायला आली आणि तळघराच्या दारातच उभी राहिली. वाकड्या क्रुसाचं कापड पिवळं होतं, त्यावर लहान लहान ट्रॅक्टर. कोल्बीच्या पायजम्याचं. ती जवळ आली, लोंबलेल्या हातावरून तिनं बोट फिरवलं.

"असा का गं?"

"असाच असतो, बाळा. सगळ्यांच्यातच."

त्या हाताची कड एका जागी उसवली होती. डार्लानं खुर्ची ओढली, सुईत दोरा ओवला आणि कड पुन्हा पक्की शिवली, होती तशी वाकडीच.