वरचा पसा

लिंबाजीनं मोजलं म्हणजे मोजलं! परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तो मापाडी होता, तेव्हा शंभर पायल्या ज्वारी मापली तरी आकडा चुकायचा नाही. ते बघूनच दिनकरराव डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात आणलं, शिकवलं आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपुढं बसवलं. ज्वारीच्या जागी काचेवरच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, एवढाच काय तो फरक.

पंचावन्न साली बोरीचा वैजीनाथ दर सोमवारी मोटारीनं दवाखान्यात यायचा. मोंढ्यात हा पोतं धरायचा, लिंबाजी माप टाकायचा, अशी दहा वर्षांची जोडी. रझाकारांच्या धामधुमीत दोघं एकाच कडब्याच्या गंजीत तीन दिवस लपले होते, एका भाकरीवर. काय दिवस होते ते! भूक होती, भीती होती, पण वैजीनाथ धडधाकट होता. लिंबाजीला ते दिवस फार आठवायचे.

आता वैजीनाथला रक्ताचा कॅन्सर होता. हैदराबादचे मोठे डॉक्टर अशा रोग्यांच्या पांढऱ्या पेशींचा अभ्यास करत होते. नवं औषध तिकडून यायचं, आकडे इकडून जायचे. अट एकच. रोगाशी झुंजणाऱ्या चांगल्या पेशी शंभरात तीसच्या खाली आल्या की औषध बंद, कारण ते औषध त्यांनाही खातं.

एका सोमवारी सव्वीस भरल्या. लिंबाजीनं तीनदा मोजल्या. सव्वीसच! बाहेर बाकड्यावर वैजीनाथ सांगत होता, "लय बरं वाटायलंय आता." औषध थांबलं तर हा माणूस हायच खाईल, असं लिंबाजीच्या मनानं घेतलं. मोंढ्यात माप पुरं झालं की वर पसाभर दाणे टाकायची रीत, अन् माणूस आपला असला तर हात आखडायचा नाही. लिंबाजीनं तीस लिहिल्या. औषध चालू राहिलं.

आठ दिवसांनी वैजीनाथला बैलगाडीत घालून आणलं. अंगात फणफणता ताप, तोंडभर फोड. चांगल्या पेशी उरल्या होत्या नऊ. लिंबाजी तडक खाटेपाशी गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

वैजीनाथ म्हणाला, "आरं येड्या, मोंढ्यातला पसा शेतकऱ्याच्या राशीतून जायचा. ह्यो कुणाच्या राशीतून टाकलास?"

लिंबाजी रडायलाच लागला.

"रडू नको. त्यो आकडा हैदराबादेला गेला का?"

"गेला."

"मग त्याच्यावर इसंबून ते दुसऱ्या कुणाला तरी औषध देतील. खरं काय ते लिही. आत्ता, माझ्यापुढं."

"नोकरी जाईल रे माझी."

"जाऊ दे की! मोंढा हाय."

लिंबाजीनं हैदराबादेला पत्र लिहिलं. वैजीनाथनं ते दोनदा वाचून घेतलं, तेव्हा कुठं तो निजला. दिनकररावांनी पत्र वाचून लिंबाजीला फाडफाड बोलून घेतलं, औषध थांबवलं, ते त्याच दिवशी टपालात घातलं आणि त्याला कामावर ठेवलं.

नोकरी वाचली. वैजीनाथ तेवढा शुक्रवारी गेला.