पेवाच्या झाकणाची पेटी

मित्रांनो, मी धामणगाव बढे गावच्या शाळेतली एक जुनी सागवानी पेटी आहे. माझ्यात कुणी कधी किमती वस्तू ठेवली नाही. एक लाल लाकडी चेंडू तेवढा ठेवला. तरी माझी हकिगत ऐका, कारण शेवटी मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

पेटी होण्याआधी मी झाकण होते. शाळेसमोर जानरावांचं खळं आहे. तिथे जमिनीच्या पोटात ज्वारी साठवायचं खोल पेव होतं. त्याच्या तोंडावर मी तीस वर्षं पडून होते. एका उन्हाळ्यात मला बाजूला सारल्याबरोबर कारभारी नावाचा गडी घाईने आत उतरला. बंद पेवाच्या तळाशी वाईट हवा साचते. तिला वास नसतो. कारभारीला दोर लावून वर काढलं, तेव्हा त्याचे डोळे कायमचे मिटलेले होते.

जानरावांनी पेव वापरणं सोडलं, पण बुजवलं नाही. पेव बुजवलं की घरातला दाणा आटतो, अशी त्यांच्याकडची समजूत. त्यांनी तोंडावर पत्रा टाकला, पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि मला शाळेला देऊन टाकलं. गुलाम रसूल सुतारांनी माझी पेटी केली. दोन्ही बाजूंना जाड कड्या ठोकताना ते म्हणाले, "ओझं उचलो न उचलो, कडी पक्की पाहिजे."

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि पाचवीची इंग्रजीही नवी होती. सत्यभामाबाई शिकवायच्या. चेंडू माझ्यात टाकायच्या: इन. माझ्यावर ठेवायच्या: ऑन. मग दोऱ्याने माझ्यावर अधांतरी धरायच्या आणि विचारायच्या, "आता?"

"ऑन!" सगळी पोरं ओरडायची.

"टेकला आहे का? नीट बघा. नुसतं 'वर' म्हणून भागत नाही. टेकलेला वेगळा, लोंबणारा वेगळा. हे अबव्ह."

शेवटी मला दोन विटांवर ठेवून चेंडू खाली सरकवायच्या: अंडर. ते मला आवडत नसे. खाली काहीतरी आहे, ही जाणीव मला जुनीच होती.

एका दुपारी चेंडू असाच खाली होता. माझ्या बुडाशी गार हवा जमली. ती हवा मी ओळखली. मग खालून आवाज आला. ठक्. ठक्.

पुढच्या रांगेत जानरावांची नात आशा बसली होती. ती दचकली. "बाई, पेटीखालून कोनी ठोकून राह्यलं."

"चेंडू असन वं, भित्रे!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

बाईंनी मला उचललं. चेंडू जागेवर स्थिर होता. तरीही ठक् झालं. बाईंनी विचारलं, "आशा, ही पेटी आधी कुठे होती?"

आशा ताडकन उभी राहिली. "आमच्या पेवावर. बाई, तानी खळ्यातच खेळून राह्यली होती!"

तानी तिची चार वर्षांची बहीण. बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आणि आशाने माझी एकेक कडी धरली आणि मला घेऊनच त्या धावल्या. पेंढ्यांच्या मधोमध भोक पडलं होतं. गंजलेला पत्रा मोडून पेंढ्यांसकट आत गेला होता. खालून बारीक रडणं येत होतं.

जानराव पागोटं फेकून आत उतरायला निघाले. "तानी, ढिगावरून खाली उतर बाई! मधात ये, मी आलो!"

"थांबा, जानरावजी!" बाईंनी त्यांचा दंड धरला. "तिला खाली बोलावू नका."

"नात हाय माही! सोडा मले!"

"म्हणूनच थांबा. तानी, तू कशावर बसली आहेस?"

"कडब्यावर," आतून आवाज आला.

बाईंनी दोराने कंदील सोडला. तानीच्या शेजारी तो जळत होता. आणखी दोन हात खाली जाताच पटकन विझला. जानराव काठावरून मागे सरले. पोर उतरली असती तर तीही अशीच विझली असती.

मग माझ्या कड्यांना दोर बांधले गेले. इतक्या वर्षांनी मी पेवाकडे परतले, पण या वेळी आत जायला. मी पेंढ्यांवर टेकले. "आता पेटीत बस," बाई वरून म्हणाल्या. तानी माझ्यात बसली. दोर ताणला गेला, पण ओझ्याने मी कलंडू लागले. तेवढ्यात माझ्या बुडाला खालून कुणाचा तरी हात टेकला. मित्रांनो, टेकला, मी नीट सांगते आहे. मी सरळ झाले आणि वर आले.

जानरावांनी तानीला छातीशी धरलं. "एकटीच भेली असशीन ना, माय?"

"एकटी कुठं? खालचा बाबा होता ना. तो मने, वरच बस, हलू नोको."

"माझाच आवाज आत घुमला असेल," बाई हळूच म्हणाल्या.

तानीने मान हलवली. "बाईचा नोय."

दुसऱ्याच दिवशी जानरावांनी पेव बुजवायला घेतलं. पहिली टोपली टाकण्याआधी मात्र त्यांनी काठाशी बसून आत हाक मारली, "कारभारी, माफ कर रे." मग बराच वेळ ते कान लावून बसले.

आता मी शाळेच्या कोठीत असते. चेंडू हरवला, बाईही गेल्या. मला मान नको, नवा रंग नको. एवढंच करा, मला फरशीवर थेट टेकवू नका. खाली दोन विटा ठेवा. वाळवी लागेल म्हणून ठेवतात, असं तुम्ही इतरांना सांगा. पण तुम्हाला खरं ठाऊक असू द्या. खालच्याला हात द्यायला जागा लागते.